तळघरातला हिवाळा

नोव्हेंबर अर्ध्यावर आला की मी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेऊन तळघरात उतरतो. ओहायोतल्या आमच्या घराचं तळघर थंडीत आपोआप १६-१७ अंशांवर येतं. तिथल्या फडताळात माझ्या लेपर्ड गेको राहतात. एकेकीला काट्यावर ठेवून वजन वहीत लिहायचं आणि मग हळूहळू तिच्या डब्याखालची हीट मॅट बंद करत जायची. अशा सगळ्या मॅट बंद होतात, एक सोडून.

गेको म्हणजे पालच, पण ही भिंतीवर चढत नाही. हिच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात. हिला पापण्या असतात आणि ती डोळे मिटून झोपते. हिचं मूळ गाव अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातले कोरडे खडकाळ डोंगर. तिथे थंडीत ती कपारीत शिरते, शेपटीत साठवलेल्या चरबीवर दिवस काढते आणि ऊब परतली की जोडीला लागते. हिची एक चुलत बहीण आपल्या महाराष्ट्रातही रानात आढळते. लोक तिला विषारी समजून मारतात. तिच्यात विषाचा थेंब नसतो.

थंडी द्यायची म्हणजे नुसतं गार करायचं नाही. आधी दोन आठवडे खाणं बंद, ऊब मात्र तशीच, कारण ऊब असेल तरच पोटातलं पचतं. किडे पोटात असताना गारवा दिला तर ते आतच सडतात. मग सहा ते आठ आठवडे अंधार आणि शांतता. पाण्याची वाटी रोज भरलेली. आई फोनवर दर वर्षी विचारते, “अरे, मुक्या जिवाला उपाशी कशाला ठेवतोस?” मी तिला वहीतली वजनं वाचून दाखवतो. ५५ ग्रॅमची मादी जानेवारीतही ५३-५४ वर असते. जी झपाट्याने उतरते तिला मी त्याच दिवशी उबेत आणतो, आणि त्या वर्षी तिची जोडी लावत नाही. अंड्यांमागे तिचं कॅल्शियम आणि चरबी दोन्ही जातं. मादी एका वेळी दोन अंडी घालते आणि एका हंगामात अशा कितीतरी जोड्या.

मी या छंदात आलो तो रंगाच्या ओढीने. अंगावर काळा ठिपका नसलेली, फिकट पिवळी, गुलाबी पट्ट्यांची अल्बिनो गेको पहिल्यांदा पाहिली आणि हरखून गेलो. अल्बिनोचे तीन वंश आहेत : ट्रेम्पर, रेनवॉटर आणि बेल. तिन्ही दिसायला सख्ख्या बहिणी, पण प्रत्येकीतला बिघाड वेगळ्या जनुकातला. माझ्या दुसऱ्या हंगामात ट्रेम्पर म्हणून विकत घेतलेल्या नराशी मी ट्रेम्पर मादीची जोडी लावली. पिल्लं आली ती सगळी काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, अगदी रानातल्यासारखी. नर बेल होता. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली होती. पिल्लं ठणठणीत होती, तरी मी ती कुणाला पैदाशीसाठी दिली नाहीत. त्यांच्या पोटात दोन वंशांची सरमिसळ दडलेली होती, आणि ती पुढे कुणाच्या तरी घरी अशीच फसवी निघाली असती.

अंडं मऊ असतं, ओल्या चामड्यासारखं. ते ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये ठेवताना वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करतो, कारण ते उलटं झालं तर आतला जीव दगावू शकतो. आठवड्याभराने अंधारात बारीक टॉर्च लावली की आत गुलाबी उजेड पसरतो आणि त्यात लाल शिरांचं जाळं दिसतं. दर वेळी माझा श्वास क्षणभर थांबतो. २६ अंशांवर उबवलं तर बहुतेक माद्या निघतात, ३२ च्या थोडं वर बहुतेक नर. गार उबवलेली अल्बिनो तपकिरी झाक घेऊन येते, उबेत वाढलेली उजळ असते. रंगसुद्धा एकट्या रक्ताचा नसतो.

आणि रंगाची किंमत कधी कधी जनावर मोजतं. लेमन फ्रॉस्ट ही झळाळती पिवळी जात निघाली आणि पैदासकार तिच्यावर तुटून पडले. पुढे त्यातल्या बहुतेकींच्या कातडीवर गाठी येऊ लागल्या. कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं की ज्या जनुकाजवळच्या बदलातून तो रंग येतो, त्यातूनच त्या गाठीही येतात. दोन्ही वेगळे करता येत नाहीत.

माझ्याकडे एनिग्मा जातीची एक मादी आहे. तिच्या अंगावर केशरी शिंतोडे आहेत, आणि इतके सुंदर शिंतोडे माझ्या फडताळात दुसऱ्या कुणाकडे नाहीत. किडा समोर आला की ती मान वाकडी करते, झेप चुकते, मग जागच्या जागी गोल फिरत राहते. हा दोष त्या रंगासोबतच येतो. ताण पडला की वाढतो. मी तिला चिमट्याने तोंडापाशी किडा धरून भरवतो. तिची जोडी मी कधी लावली नाही.

बंद न होणारी ती एक मॅट तिच्या डब्याखालची. डिसेंबरच्या रात्री दिवा मालवून वर येताना मागे तिच्या थर्मोस्टॅटचा लाल ठिपका तेवढा दिसत असतो.