इंदूर पद्धत : आपल्या गावाचे नाव लागलेले खत

इंदूरला पाहुणे आले की आपण त्यांना राजवाडा दाखवतो, छप्पन दुकानला नेतो आणि रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस खायला घालतो. कृषी महाविद्यालयाच्या आवारात मात्र कुणी कुणाला नेत नाही. खरे तर सेंद्रिय शेतीवरच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांत इंदूरचे नाव सापडते ते याच जागेमुळे. त्या पुस्तकांत एका खताचेच नाव ‘इंदूर पद्धत’ असे आहे. नव्या पिढीतल्या आपल्या मुलामुलींना हे ठाऊक असावे, म्हणून ही छोटी सफर.

अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ 1905 मध्ये बिहारमधल्या पुसा येथे सरकारी नोकरीवर आले. आसपासच्या शेतकऱ्यांची पिके त्यांनी पाहिली. कुठलेही औषध न फवारता ती निरोगी होती. तेव्हा त्यांनी त्या शेतकऱ्यांनाच गुरू मानायचे ठरवले. पुढे 1924 मध्ये होळकर संस्थानने दिलेल्या जमिनीवर इंदुरात वनस्पती-उद्योग संस्था उभी राहिली. कापूस समितीने आणि मध्य भारतातल्या संस्थानांनी तिला पैसा पुरवला. हॉवर्ड आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल, ज्या स्वतःही शास्त्रज्ञ होत्या, या संस्थेत काम करू लागले. गॅब्रिएल 1930 मध्ये वारल्या. पुढच्याच वर्षी हॉवर्ड इंदूर सोडून गेले आणि त्याच वर्षी या खताची सगळी कृती सांगणारे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच्या मुखपृष्ठावर दोन लेखकांची नावे आहेत. दुसरे नाव यशवंत वाड. हे आडनाव वाचून आपल्याला जरा जास्तच आनंद होतो, हे कबूल करायला हरकत नाही!

कृती अगदी घरगुती वाटावी अशी आहे. सुमारे 30 फूट लांब, 14 फूट रुंद आणि फक्त 2 फूट खोल खड्डा. त्यात शेतातला काडीकचरा, गुरांखालचा बिछाना, शेण, गोमूत्राने भिजलेली गोठ्यातली माती आणि थोडी राख, थरावर थर. कपाशीच्या आणि तुरीच्या कडक पऱ्हाट्या लवकर कुजत नाहीत, म्हणून त्या आधी वाटेवर पसरून ठेवायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्याच त्यांचा चुरा करून देत. वरून पाणी शिंपडायचे आणि ठरावीक दिवसांनी तीनदा ढीग उलथायचा, म्हणजे आत हवा खेळते. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीचा वास येणारे खत तयार. 1935 च्या एप्रिलमध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला आले, तेव्हा ते मुद्दाम ही संस्था पाहायला गेले होते. नंतर ‘हरिजन’मधून त्यांनी ही पद्धत खेड्यापाड्यांत पोचवली.

हॉवर्डसाहेबांचे सगळे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे: जमिनीतून जे घेतले ते जमिनीला परत द्या. शेती कारखान्यासारखी आहे की टिकाऊ, हे ओळखायची माझ्या मते हीच सोपी कसोटी आहे. केवळ ट्रॅक्टर दिसला म्हणून शेती वाईट ठरत नाही आणि गाय बांधली म्हणून ती टिकाऊही होत नाही. शेतातून बाहेर गेलेले परत येते का, एवढेच पाहायचे.

ही कसोटी घेऊन आता शहराबाहेर देपालपूरच्या रस्त्याला लागू. पावसाळ्यात दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर सोयाबीन आणि थंडीत गहू. आपल्या आजोबांच्या वेळी असे नव्हते. काळी माती पावसात इतकी चिकट होते की पुष्कळ शेते पावसाळाभर पडीक ठेवत. मग जमिनीत मुरलेल्या ओलीवरच माळवी गहू आणि हरभरा घेत. बाफले आणि लाडू व्हायचे ते याच गव्हाचे. 1970 नंतर सोयाबीन पसरले आणि पडीक राहणाऱ्या हंगामात रोख पैसा आला. त्या पैशांतून पक्की घरे झाली, मुले इंदुरात शिकायला आली. हे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल.

आता कसोटी लावू. सोयाबीन स्वतः हवेतला नत्र मुळांच्या गाठींत धरते, पण त्यातला बराचसा दाण्यात जातो. दाणा कारखान्यात जातो, त्यातले पाचव्या हिश्शाच्या आसपास तेल निघते आणि उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यासाठी दूरदूर, कधी परदेशीही जाते. म्हणजे माळव्याच्या मातीचा कस पोत्यांत भरून बाहेर पडतो. गव्हाचेही तसेच. हार्वेस्टर दाणा काढतो आणि उभी खुंटे मागे ठेवतो. त्यांना इकडे नरवाई म्हणतात. पुढच्या पेरणीची घाई असते, म्हणून बंदी असूनही ती पेटवली जाते. उन्हाळ्याच्या तोंडाशी या रस्त्याने संध्याकाळी गेलात तर धुराचे पट्टे दिसतील. जे परत मातीत जायचे ते असे हवेत जाते, आणि ती तूट भरायला पोती येतात.

त्या पोत्याचेही गणित न्यायाने मांडायला हवे. युरियाच्या 45 किलोच्या पोत्यात सुमारे 20 किलो नत्र असतो. तेवढाच नत्र चांगल्या कंपोस्टमधून हवा तर निदान दोन टन माल लागतो. तो जमवा, उलथा, ट्रॉलीत भरा, शेतात पसरा! मजूर कुठून आणायचे? शिवाय कंपोस्टचा गुण एका वर्षात सगळा दिसत नाही. तो हळूहळू उतरतो. पण युरियात नसलेले काही तो देतो. माती भुसभुशीत होते, पाणी धरून ठेवते आणि पावसाने ओढ दिली तरी पीक चार दिवस जास्त तग धरते.

हाच नियम पाण्यालाही लागू आहे. कूपनलिका झाल्या, गव्हाला चार-पाच पाणी देता येऊ लागले आणि जमिनीतले पाणी खाली खाली गेले. शेजारच्या देवासला 1990 मध्ये रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. पुढे 2006 पासून त्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी आपल्याच शेतात तळी खोदली. जमिनीचा एक तुकडा पाण्याला दिला आणि पावसाचे पाणी साठवून गहू-हरभरा भिजवला.

मग सगळेच असे का करत नाहीत? आमची देपालपूरकडे आठ बिघे, म्हणजे साधारण दोन हेक्टर जमीन आहे. ती वर्षानुवर्षे मुनाफ्याने दिलेली आहे. कसणारे पटेलकाका स्वतःच्या शेतात खड्डा भरतात, नरवाई जाळत नाहीत. आमच्या शेतात मात्र फक्त पोती. कारण विचारले तर ते शांतपणे म्हणाले, “ताई, खताचा गुण तीन वर्षे येतो आणि तुमचा करार एका वर्षाचा. दुसऱ्या वर्षी जमीन दुसऱ्याला दिलीत तर माझी मेहनत कुणाची?” शेतीवरच्या जाड पुस्तकांतही मला इतके नेमके उत्तर मिळाले नव्हते. आखातीजेला करार नवा होतो. यंदा तो पाच वर्षांचा करावा, मुनाफा थोडा कमी घ्यावा, पण नरवाई जाळायची नाही आणि खत घालायचे असे लिहून घ्यावे, असे मी घरात मांडले आहे. पुण्याच्या चुलतभावाला जमीन विकायची आहे, धाकट्या बहिणीला ठेवायची आहे. अजून एकमत झालेले नाही.

आपल्यातल्या किती घरांची अशी जमीन सांवेर, देपालपूर, महू किंवा देवासकडे आहे! शेती आपण करत नसलो तरी करार आपणच करतो, हे तरुण मंडळींनी लक्षात घ्यावे.

सफरीचा शेवटचा थांबा देवगुराडिया. 2022 च्या फेब्रुवारीत तिथे ओल्या कचऱ्यापासून गॅस तयार करणारा प्रकल्प सुरू झाला. सुरू झाला तेव्हा रोज 550 टन ओला कचरा घेण्याची त्याची क्षमता होती. त्यातून बसगाड्यांसाठी गॅस आणि शेतांसाठी खत निघते. आपल्या स्वयंपाकघरातली दुधीची साले आणि चहाचा चोथा अशा वाटेने शेताकडे परत जाऊ लागला आहे. मात्र त्यात प्लॅस्टिकची एक पिशवी गेली तर तीही खताबरोबर शेतात पोचू शकते. म्हणून ओला कचरा वेगळा ठेवण्याचा कंटाळा करू नका.

आणि हो, कृषी महाविद्यालय. ही जमीन शहराच्या दुसऱ्या कामासाठी घेण्याची हालचाल 2022 मध्ये झाली, तेव्हा विद्यार्थी आंदोलनाला बसले होते. वाढत्या शहराच्या मध्ये एवढी मोकळी जागा सगळ्यांच्या डोळ्यांत भरणारच. तिथे कोणते काम झाले हे इंदूरकरांनाच माहीत नसेल, तर तिच्या बाजूने कोण बोलणार? पुढच्या वेळी पाहुणे आले की पोहे-जिलबी झाल्यावर परवानगी काढून त्यांना तिकडेही घेऊन जा.