शिगेचं माप

परवा मुलीकडे तांदळाची पिशवी फोडली आणि आंब्याच्या मोहोराचा वास घरभर झाला. मुळशीचा आंबेमोहोर. पिशवीवर वजन छापलेलं होतं. मला मात्र आजीची आधोली दिसली, शिगोशीग भरलेली.

आमच्याकडे तांदूळ ओटीवर विकला जायचा, आणि विकायची आजी. पहिलं माप ओतताना ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. मग दोन, तीन. दाणे कडेने ओघळायला लागेपर्यंत ती ओतत राही. शीग बोटाने सारखी करायला गेलं की हात झटकून टाकायची. “वरचं त्यांचं असतं.”

आमच्याकडून भात घ्यायला एक व्यापारी यायचा. घेताना आधोली जमिनीवर आपटायचा, हलवायचा. दाणे दबून बसत आणि त्याच मापात आणखी ओंजळभर मावे. विकताना तोच माणूस अलगद ओतायचा, मापाला धक्का लागू द्यायचा नाही. इतकी वर्षं झाली, माझा त्याच्यावरचा राग गेलेला नाही.

१९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५८ पासून किलो येऊ लागला. खेड्यांतली आधोली-पायली त्यानंतरही बरीच वर्षं टिकली. तराजूला शीग लावता येत नाही याचं मला वाईट वाटतं, पण आपटून वजन वाढत नाही हेही खरं. त्या व्यापाऱ्याची हातचलाखी किलोनेच थांबवली. आजीनेही पुढे तराजू घेतला. पारडं गिऱ्हाइकाकडे झुकल्याशिवाय ती ते खाली उतरवत नसे.

उधारीला वही नव्हती. दाराआडच्या भिंतीवर चुन्याच्या रेघा, प्रत्येक घराची जागा ठरलेली. दिवाळीआधी भिंत पोतारली जायची, म्हणून त्याच्या आत हिशेब चुकता व्हायचा. खालच्या आळीतल्या एका विधवेच्या रेघा मात्र आजी पोतेऱ्याची वाट न पाहता आधीच ओल्या फडक्याने पुसून टाकी. आईने एकदा विचारलं, तर म्हणाली, “तिला वर मान करून परत यायचंय ना दारात?”

तिच्या सख्ख्या भावाच्या रेघा मात्र तिने कधी पुसल्या नाहीत, भिंत पोतारतानाही नाही. त्याच्याकडे गुरं होती, गाडी होती. भाऊबीजेला तो आला की ओवाळण्याआधी त्याला दाराआड न्यायची, आणि तो कमरेची पिशवी सोडून पैसे मोजायचा.