ओह्रिदच्या तळ्याकाठी

उत्तर मॅसेडोनियातील ओह्रिद हे तळ्याकाठचे पुरातन गाव. बाजारात आम्ही इथले प्रसिद्ध मोती पाहिले. शिंपल्याच्या मण्यांवर तळ्यातील माशांच्या खवल्यांचा लेप चढवतात. त्याची कृती घराण्याबाहेर जात नाही.

पुढे सेंट सोफिया चर्च लागले. उस्मानी राजवटीत त्याची मशीद झाली आणि ११व्या शतकातील भित्तिचित्रांवर चुना चढला. विसाव्या शतकात चुना काढल्यावर चित्रे पुन्हा दिसू लागली.

मुलीने विचारले, "अम्मी, मग ही जागा कोणाची?"

आम्ही क्षणभर गप्प झालो. आपली इबादतगाह गेल्याचे दुःख आपण जाणतो. दुसऱ्यांचेही तसेच असणार, एवढेच तिला सांगितले. मग अली पाशा मशिदीत जोहरची नमाज अदा केली.