रिकामं सूप

आमच्या रिठदच्या घरात रिकामं सूप झटकायला बंदी होती. खेळता खेळता मी ते वाजवलं की आतून मायचा आवाज यायचा, "ठेव ते खुंटीले! रिकामं सूप पाखडू नाही." काहून, ते तिने कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढे ऐन तारुण्यातली सहा वर्षं मी तेच करणार आहे, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

रिठद रिसोड तालुक्यातलं. सोयाबीन थ्रेशरमधून निघून थेट बाजाराला जायचं, पण घरच्या डाळीपुरती तूर माय जात्यावर भरडायची. मग अंगणात बसून सूप धरायची. मनगटाला असा काही हिसका द्यायची की डाळ तिच्या पोटाकडे सरके आणि फोलपटं पुढून उडून जात. बारीक चुणी गाईला. पाहताना वाटायचं, यात काय अवघड आहे? एकदा मी हात घातला, तर अर्धी डाळ अंगणात आणि फोलपटं जिथल्या तिथे. "आधी वारं कुठून येते ते पाह्य," माय म्हणाली, "मंग झटक."

खडा मात्र उडत नाही. डाळीच्या वजनाचा खडा डाळीसोबतच मागे सरकतो. तो बोटांनीच वेचावा लागतो.

वाशीमला बीएस्सी, अमरावतीला एमएस्सी आणि २०१२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पीएचडीला प्रवेश, एवढ्यात माझं शिक्षण आटोपतं. त्याच वर्षी ४ जुलैला जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने हिग्ज कण सापडल्याचं जाहीर केलं होतं. कुलाब्याला समुद्राकाठी असलेल्या आमच्या संस्थेचा तिथल्या सीएमएस या प्रयोगात वाटा होता. १४ हजार टन वजनाच्या, जमिनीखाली १०० मीटरवर बसवलेल्या त्या यंत्राचा एक बाहेरचा थर संस्थेने बनवला आहे. मला काम मिळालं ते त्या यंत्रातून आलेला डेटा तपासायचं.

गावी लोक विचारत, "काय शोधतं तू?" मी आधी अणू, प्रोटॉन, २७ किलोमीटरचा गोल बोगदा असं सांगू लागायचो आणि समोरच्याची नजर हळूच बैलाकडे वळायची. मग एकदा मी म्हटलं, "पाखडतो." ते सगळ्यांना कळलं. खोटंही नव्हतं. त्या बोगद्यात प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला ४ कोटी वेळा एकमेकांतून आरपार जातात. सगळं साठवून ठेवायला जगात जागा नाही. म्हणून यंत्रातली विजेची मंडळं क्षणाच्या लहानशा अंशात ठरवतात, काय ठेवायचं नि काय सोडायचं. ४ कोटींतले लाखभर पुढे जातात आणि संगणकांच्या दुसऱ्या चाळणीतून हजारेक उरतात. बाकीचं कायमचं गेलं. मायची फोलपटं निदान अंगणात पडायची, वाकून पुन्हा पाहता यायची.

याची मला भीती वाटायची, अजूनही वाटते. डाळ कशी दिसते हे मायला माहीत होतं. आम्ही जो कण शोधत होतो, तो कुणी पाहिलेलाच नव्हता, आणि तरी तो चाळणीतून निसटू नये अशी भोकं आम्हालाच पाडायची होती. विश्वातलं आपल्या ओळखीचं द्रव्य जेमतेम ५ टक्के, अदृश्य कृष्णद्रव्य त्याच्या पाचपटींहून जास्त. ते कशाचं बनलंय हे समजत नाही तोवर कोण कसलं फोलपट उडवतंय, कसं सांगावं?

खडेही होतेच. प्रोटॉनांच्या टकरींतल्या ज्या घटना मी शोधत होतो, त्यांत दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे दोन कण, निघायला हवे होते. पण पायॉन नावाचा अगदी साधा कण मोडतो तेव्हाही दोन फोटॉन निघतात, आणि ते इतके चिकटून जातात की यंत्राला एकच वाटतो. असे दोन पायॉन एकदम आले की झाली फसगत. माझ्या संशोधनाचा निम्मा काळ या खड्यांपायी गेला.

डिसेंबर २०१५ मध्ये सूप भरल्यासारखं वाटलं. सीएमएस आणि अ‍ॅटलस, दोन्ही प्रयोगांच्या आलेखांवर ७५० जीईव्ही वजनापाशी एक उंचवटा दिसला. हिग्जच्या सहापट जड नवा कण असावा! सिद्धान्त मांडणाऱ्यांनी काही महिन्यांत ५०० हून जास्त शोधनिबंध लिहिले. आम्हा पोरांची झोप उडाली. मी मायला फोन करून, "यंदा काहीतरी सापडते," असं सांगूनही बसलो. ऑगस्ट २०१६ मध्ये नवा, जास्त डेटा आला आणि उंचवटा सपाट झाला. नशिबाने काही दाणे एका जागी गोळा झाले होते, एवढंच. या क्षेत्रात शोध म्हणवण्यासाठी, निव्वळ योगायोगाने तसा उंचवटा दिसण्याची शक्यता ३५ लाखांत एकाहून कमी असावी लागते. हा नियम किती शहाणपणाचा आहे ते मला त्या ऑगस्टात उमगलं.

२०१८ मध्ये थिसिस झाला. मित्र म्हणाला, "वाजलं एकदाचं सूप!" गावी आलो, तर मायने विचारलंच.

"मंग, सापडलं काय?"

"नाही. पण अमुक वजनापर्यंत तसा कण नाही, इतकं ठरलं."

"म्हंजे सहा वर्सं रिकामं सूप पाखडलं म्हना ना."

"सूप भरलेलंच होतं, माय. त्यात काय नाही ते पाह्यत होतो."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "खडे निवडले ना सारे?"

"निवडले."

"मंग झालं."

माझ्या परीक्षकांनी यापेक्षा नेमका प्रश्न विचारला नव्हता.

आता पाखडणं आमच्या दाराशी येतंय. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वलहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटींची मंजुरी दिली. तिथले ४ किलोमीटर लांबीचे बाहू गुरुत्वलहरीने प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी हलतील, आणि तेवढं हलणं गोंगाटातून वेचायचं. हे वेचण्याचं गणित पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली लहर सापडण्याच्या कितीतरी वर्षं आधी मांडलं होतं: दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत एक होताना लहर कशी दिसेल, याचे नमुने आधीच करून ठेवायचे आणि गोंगाट एकेका नमुन्याशी ताडून पाहायचा. धान्य येण्याआधीच त्यांनी सूप विणून ठेवलं म्हणा ना. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेत पहिली लहर आली, तेव्हा ते कामी आलं.

मायचे डोळे आता अधू झालेत. डाळ दुकानातून येते, तरी सूप खुंटीवर आहे. गेल्या दिवाळीत त्याची कड सुटली होती. बुरडाकडून बांधून घेतली, आणि मेथ्या व कागदाचा लगदा मायने स्वतःच्या हाताने लिंपला.