दरडीवरचा चांदाडा

आमच्या घरामागचा डोंगर रस्त्यासाठी कापला, त्याला सहा वर्षं झाली. मागे नुसती तांबड्या मातीची उघडी दरड उरली होती. दुसऱ्या पावसाळ्यानंतर तिच्यावर ताटाएवढ्या पानांची झाडं दिसू लागली. कुणी लावली नव्हती. आज ती आमच्या कौलांच्याही वर गेली आहेत. कोकणात या झाडाला चांदाडा म्हणतात.

यंदा मोहल्ल्यात विषय निघाला की ही झाडं तोडून तिथे काजू लावावा. शेजारचे चाचा म्हणाले, "सर, ना खायचं फळ, ना कामाचं लाकूड. ठेवून करायचं काय?" लाकडाबाबत त्यांचं बरोबरच आहे. ते मऊ आणि हलकं असतं. खोक्यांच्या फळ्या आणि आगकाड्या यांपलीकडे त्याला फारसा भाव नाही.

मग आम्ही घरातले सगळे त्या झाडांकडे नीट पाहू लागलो. मुलांनी पान उलटून दाखवलं. देठ पानाच्या कडेला नाही, आतल्या भागात जोडलेला. जणू ढालीची मूठ. शास्त्रीय नाव मॅकॅरँगा पेल्टाटा, त्यातला 'पेल्टाटा' हा शब्द ढालीवरूनच आला आहे. ही मोठाली पानं गळून दरडीवर पसरतात, उघड्या मातीवरचा पावसाचा मार झेलतात आणि कुजून तिथेच खत होतात. नर झाड वेगळं, मादी वेगळं. मादी झाडाच्या बारीक फळांवर पक्षी येतात आणि येताना दुसऱ्या झाडांचं बीही घेऊन येतात.

चांदाड्याला भरपूर ऊन लागतं. त्यामुळे त्याच्याच सावलीत त्याची रोपं वाढत नाहीत. वाढतात ती सावली सोसणारी दुसरी झाडं. आम्हाला तिथे जांभळाची दोन रोपं आणि अंजनीचं एक सापडलं. चांदाडा लवकर वाढतो, मागून येणाऱ्यांसाठी जमीन तयार करतो आणि पुढे त्यांना जागा सोडतो. आता तो तोडला, तर दरड पुन्हा पहिल्या पावसाळ्यासारखी उघडी पडेल.

मात्र हे झाड आहे म्हणून दरड कोसळणार नाही, असं आम्ही मानत नाही. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर आला, तो कुणी विसरलेलं नाही. खोलवरून सरकणारा डोंगर अशा झाडांना आवरत नाही. म्हणून वरच्या चरातला गाळ आम्ही दर मे महिन्यात काढतो आणि मोठ्या पावसाच्या रात्री मागच्या खोलीत कुणी झोपत नाही.

चाचांशी बोलून शेवटी ठरलं: काजू खालच्या सपाटीवर, दरडीवर चांदाडाच. तुमच्याही घरामागे तो उगवला असेल, तर कोयता उचलण्याआधी त्याच्या सावलीत काय रुजतंय, ते एकदा वाकून पाहा.