मतलईवर सुटलेली होडी

आमच्या घरात नदीवर बंदी होती. खालाचा थोरला मुलगा जुलै महिन्यात मित्रांबरोबर भातसा नदीवर गेला आणि परत आला तो चादरीत गुंडाळून. त्याला बावीस वर्षे झाली. त्या दिवसापासून अम्मीने घरातल्या पोरांना नदीचे नाव काढू दिले नाही. आम्ही शहापूरचे. एका अंगाला भातसा, दुसऱ्या अंगाला तानसा, मुंबईची तहान भागवणारी धरणे हाकेच्या अंतरावर, आणि घरात एकालाही पोहता येत नाही. निदान आम्ही तसे समजत होतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने हट्ट धरला. वर्गातल्या मुली खडवलीला जाऊन आल्या, मग मी का नाही? अम्मी काही बोलली नाही, उठून आतल्या खोलीत गेली. तेव्हा माझा भाऊ मुलीला म्हणाला, "पावसात नाही. थंडी पडू दे, मी नेतो. होडीत बसवतो." आणि मग खाली मान घालून त्याने जे सांगितले ते ऐकून मी थक्क झाले. कॉलेजात असताना तो एनसीसीच्या नौदल विभागात होता. तीन वर्षे वल्ही मारली, शिडाची होडी चालवली, पोहायला शिकला. आणि घरी सांगितले की परेडला जातो. खोटे नव्हते म्हणा, परेडही होतीच.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही निघालो. फजरची नमाज घरी पढून, थर्मासमध्ये चहा भरून. अम्मीही येऊन गाडीत बसली. "तुमच्यावर नजर ठेवायला," म्हणाली. सापगावच्या पुलावर धुके इतके दाट होते की खालची भातसा दिसलीच नाही. तेवढे बरे झाले. पुढे किन्हवलीमार्गे सरळगावकडे जाताना दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातखाचरे, त्यांत उरलेल्या ओलीवर वाढलेला वाल, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर शेकोटीभोवती बसलेली माणसे. म्हशाच्या जत्रेचे दिवस जवळ आले होते, घोंगड्यांचे गठ्ठे लादलेला टेम्पो आमच्या पुढे चालला होता.

आम्हाला जायचे होते काळू नदीवर. भातसा, तानसा, मोडकसागर हे पिण्याच्या पाण्याचे साठे आहेत, तानशाला तर अभयारण्यही आहे. तिथे मनाला येईल तशी होडी घालता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मुरबाडकडे मात्र नदीकाठी शिबिरे आणि शेतघरे झाली आहेत. आम्ही गेलो त्या जागेचे नाव लिहीत नाही, जाहिरात वाटेल. तिथे दोन प्लॅस्टिकच्या कयाक होत्या आणि ऑप्टिमिस्ट जातीची एक इवलीशी शिडाची होडी. जगभर मुलांना शीड हाकायला शिकवतात ते याच होडीवर. 1947 साली अमेरिकेत क्लार्क मिल्स या गृहस्थांनी तिचा आराखडा केला. सात-आठ फुटांची, चौकोनी तोंडाची, पाण्यावर तरंगणाऱ्या लाकडी पेटीसारखी दिसते. मुलगी म्हणाली, "ही? हिच्यात तर मावणारही नाही मी."

थंडीतच का, याचे उत्तर नदीतच आहे. पावसाळ्यात सह्याद्रीचे सगळे पाणी काळू आणि भातसा घेऊन येतात. ते पुढे कल्याणजवळ उल्हासला मिळते. तेव्हा प्रवाहाला ओढ असते, तळ दिसत नाही, आणि वर धरणाचे दरवाजे उघडले की खालच्या काठावर पाणी बघता बघता चढते. जिल्हाधिकारी दरवर्षी मनाईचे आदेश काढतात, आपली मुले दरवर्षी जातात. पाऊस संपला की मात्र कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यांना फळ्या बसवतात आणि वाहती नदी लांबट तळ्यासारखी उभी राहते. आम्ही पोचलो तेव्हा पाणी इतके स्थिर होते की पाणकावळा बसलेली काठी पाण्यात सरळ उलटी दिसत होती. त्या पाण्यातून वाफ निघत होती. पलीकडे एक कातकरी गाडीच्या हवा भरलेल्या ट्यूबवर बसून जाळे टाकत होता, अंगात फक्त एक बनियन. आम्ही दोन-दोन स्वेटर घालून कुडकुडत होतो.

भावाने आधी कपडे तपासले. बुरखा, लांब कुर्ता, ओढणी यांचा पाण्यात काही दोष नसतो, दोष असतो पायात गुंतणाऱ्या आणि गळ्याभोवती सैल सुटलेल्या कापडाचा. मुलीने सलवार, आखूड कमीज, वर लोकरीचा स्वेटर आणि घट्ट बसणारा स्कार्फ घातला होता, त्यावर जॅकेट. सुती कपडा ओला झाला की ओलाच राहतो आणि वाऱ्यावर हाडे गोठवतो, लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरते. कोरडे कपडे आणि टॉवेल पिशवीत बांधून काठावर ठेवले. तरंगण्याच्या जॅकेटचे पट्टे त्याने स्वतः आवळले आणि खांद्याला धरून मुलीला वर ओढून पाहिले. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकले तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. पुन्हा आवळले. बंधाऱ्याच्या भिंतीच्या जवळपास जायचे नाही, हे तीनदा बजावले.

मग त्याने काय करावे? कमरेइतक्या पाण्यात कयाक नेली, मुलीला बसवले आणि म्हणाला, "आता पड."

अम्मी ताडकन उठली. तिच्या हातातली तसबीह खाली पडली. मी तिचा हात धरला, खरे तर तिने माझा धरला, नखे रुतेपर्यंत. कयाक कलंडली, आवाज झाला, आणि एका क्षणासाठी पाण्यावर फक्त पिवळी प्लॅस्टिकची पाठ दिसत होती. तो क्षण किती लांब होता हे मला सांगता येणार नाही. मग केशरी जॅकेट बुचासारखे वर आले आणि त्यात आमची मुलगी, तोंड उघडे, श्वास अडकलेला. गार पाण्याचा पहिला धक्का असाच असतो, छाती आवळते, माणूस नको तेव्हा श्वास घेतो आणि पाणी आत जाते. भाऊ शेजारीच उभा होता. "काही करू नको. नुसती तरंग. श्वास बसू दे." तिचा श्वास बसला. मग ती हसायला लागली, दात वाजत होते तरी.

तिला बाहेर काढून कोरडे कपडे घातले, चहा पाजला. सर्वांना वाटले, झाले. पण ती म्हणाली, "आता बसवा होडीत."

उरलेली सकाळ शिडाची होती. कोकणच्या किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याला मतलई म्हणतात आणि दुपारी समुद्राकडून येणाऱ्याला खारा वारा. जुने मच्छीमार मतलईवर बाहेर पडत, खाऱ्यावर परत येत. इतक्या आत, घाटाच्या पायथ्याशीही हा खेळ चालतो. ऊन चढेपर्यंत माळशेजच्या बाजूने गार वारा उतरतो. त्यावर शीड भरले आणि ती पेटी चक्क चालू लागली, काही आवाज नाही, नुसते नाळेखाली पाणी कुजबुजते. मुलगी सुकाणू धरून बसली होती, भाऊ कयाकमधून बाजूने वल्हे मारत होता.

सुकाणू हा शब्द अरबी 'सुक्कान'वरून आलेला. नाखवा म्हणजे फारसी नाखुदा, नावेचा धनी. हे आडनाव आजही आपल्या कोकणी मुसलमानांत सापडते. शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि त्यांच्या आरमाराची सुरुवात याच खाडीतून झाली. त्या आरमारात दर्यासारंग आणि दौलतखान हे सरदार होते. काळूचे हे पाणी त्याच कल्याणच्या खाडीला जाते. मुलांना पोहायला शिकवा, असे हजरत उमर (रजि.) यांच्या नावे सांगतात, आणि आपण त्यातले 'मुलांना' एवढेच ऐकतो, मुलींचे नाव निघाले की आवाज बंद. मुलांनाही आम्ही कुठे शिकवले? अम्मीला मी दोष देत नाही. पण भीतीने आम्हाला पाण्यापासून दूर ठेवले, आणि ज्यांना जायचेच होते ते चोरून, न शिकता, भर पावसात गेले.

अकराच्या सुमारास वारा पडला. होडी मधोमध थांबली. मुलगी वैतागली, भाऊ म्हणाला, थांब, शिडात हेही असते. त्याने दोरी बांधून तिला ओढत आणले. आम्ही काठावर तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे खाल्ले. कातकऱ्याकडून थोडी मळ्याची मासळी घेतली, त्याने पैसे मोजून घेतले आणि मुलीकडे पाहून म्हणाला, "बरी बसते गं तुझी पोर." त्या दिवसाचे खरे प्रशस्तिपत्र ते.

जोहरची वेळ झाली. शिबिरात नळ होता, पण अम्मी नदीकडे निघाली. मी मागे गेले, हात पुढे केला, तिने घेतला नाही. दगडावर बसून तिने बाह्या सारल्या आणि बावीस वर्षांनी नदीच्या पाण्याने वुजू केले. पाणी अजून बर्फासारखे होते. पाय धुऊन झाल्यावरही ती उठली नाही. भाऊ जॅकेटे वाळत घालत होता, त्याला हाक मारली.

"त्याच्या अंगात हे असतं तर?"

भाऊ बराच वेळ जॅकेटचा पट्टा बोटांत फिरवत राहिला. "पूर होता, अम्मी. सांगता येत नाही. पण वर राहिला असता. कोणाला तरी दिसला असता."

तिने मान हलवली, ओढणीने चेहरा पुसला आणि मुसल्ला कुठे ठेवलाय ते विचारले. आमची नमाज होईतो पाण्यावर बारीक लाटा उठू लागल्या होत्या, आता उलट्या दिशेने, खाडीकडून. मुलगी शिडाची दोरी सोडवत होती.