ज्यू संगीत कशाला म्हणायचं?

‘तुम्ही मुस्लिम लेखक की मराठी लेखक?’ कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी हा प्रश्न हमखास येतो. मी हसून टाळतो. न्यूयॉर्कचा सॅक्सोफोनवादक जॉन झॉर्न याने मात्र असाच प्रश्न आपणहून अंगावर घेतला.

१९९२ साली म्युनिकमध्ये त्याने आणि गिटारवादक मार्क रीबोने ‘रॅडिकल’ ज्यू संस्कृतीचा महोत्सव भरवला. शहर साधं नव्हतं. १९३८च्या नोव्हेंबरमध्ये ज्यूंची दुकानं आणि सिनेगॉग फोडण्याची चिथावणी गोबेल्सने इथूनच दिली होती. त्या शहरात झॉर्नने ‘क्रिस्टालनाख्त’ ही रचना सादर केली. तिच्या ध्वनिमुद्रणातल्या एका भागात कितीतरी मिनिटं काचा फुटतात. कानांना इजा होईल, असा इशाराच अल्बमवर आहे. मी तो भाग एका दमात ऐकू शकलेलो नाही.

इथं संगीत ज्यू का, हे विचारावं लागत नाही. पण १९९५ साली झॉर्नने ‘त्साडिक’ ही कंपनी काढली आणि तिच्या ‘ग्रेट ज्यूइश म्युझिक’ मालिकेत बर्ट बॅकरॅक आणि सर्ज गेन्सबूर यांची गाणी घेतली. एकाची अमेरिकन प्रेमगीतं, दुसऱ्याची चावट फ्रेंच गाणी. मग ज्यू काय, तर फक्त संगीतकाराचा जन्म? हे मला खटकतं. जन्मावरून माणसं वेगळी काढण्याचं काम नाझींनीही केलं होतं. गेन्सबूरला तर लहानपणी पिवळा तारा लावून फिरावं लागलं होतं. अर्थात, ज्या नावाने हिणवलं तेच अभिमानाने मिरवायचं, ही झॉर्नची खोडीही असेल. ती मला समजते.

त्याच्या ‘मसादा’ चौकडीचं उत्तर मला जास्त पटतं. वाजवण्याची धाटणी ऑर्नेट कोलमन या कृष्णवर्णीय जॅझ वादकाकडून घेतलेली आणि स्वर ज्यूंचे म्हणून ओळखले जाणारे. कोमल ऋषभावरून शुद्ध गंधारावर ती उडी! आपल्याकडे बसंतमुखारीत ती ऐकू येते. अरब त्याला हिजाज म्हणतात, मक्का-मदिनेच्या मुलखाचं नाव. १९९४च्या पहिल्या अल्बमचं नाव ‘आलेफ’, म्हणजे आपला अलिफच.

परवा रात्री तो लावला होता. अम्मी स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘अरबी काही लावलंस का रे?’

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हणवेना.